फाइल पोचली, मराठी राहिली

अंकासाठी लेख मागवताना आपले मंडळ आता एवढेच लिहिते: ‘लेख युनिकोडमध्ये टाइप करून दिलेल्या लिंकवर अपलोड करा.’ इथे वाढलेल्या मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी अंकाचे काम केले, त्यांना विचारा!

गोष्ट शेजारूनच सुरू करता येते. मॉरिसव्हिलजवळच्या ड्यूक आणि चॅपल हिल या विद्यापीठांतल्या टॉम ट्रस्कॉट, जिम एलिस आणि स्टीव्ह बेलोविन या विद्यार्थ्यांनी १९७९-८० मध्ये दोन्हीकडचे संगणक फोनने जोडून यूजनेट उभे केले. त्यावरून जायचा तो साधा रोमन मजकूर. फाइल पाठवायची तर आधी तिची रोमन अक्षरे करायची आणि पलीकडच्याने ती उलटवून घ्यायची. १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडले, तेव्हापासून ही उलटापालट ईमेलचा प्रोग्रॅमच करू लागला. आजही अटॅचमेंट बहुधा अशीच जाते. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते.

ब्राउझरमधून फाइल चढवण्याची रीत १९९५ मध्ये कागदावर आली आणि ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांचे हॉटमेल सुरू झाले. लायब्ररीतल्या संगणकावरूनही लेख पाठवता येऊ लागला. जागा मात्र २ मेगाबाइट; फोटोंसकट एक लेख आला की डबा भरला.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. इंग्रजी विभागाचे लेख उघडले की वाचता यायचे. मराठी विभागाचा लेख उघडला की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबांचा चिवडा! कारण शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. लेखकाचा फॉन्ट आपल्याकडे नसेल तर फाइल पोचूनही मराठी पुण्यातच राहायची. मग फॉन्ट मागवा, नाहीतर लेख फॅक्सने घेऊन पुन्हा टाइप करा. पीडीएफने आकार शाबूत यायचे, पण मजकूर कॉपी केला की पुन्हा तोच चिवडा.

उपाय तसा १९९१ पासून होता. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा दिल्या होत्या, त्यांचा क्रम भारताच्या ‘इस्की’ मानकावरून घेतलेला. पण सामान्य माणसाच्या संगणकावर ते विंडोज २००० बरोबर आले, आणि त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. एक्सपीमध्येसुद्धा सेटिंग्जमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि सीडी शोधावी लागे. ती सीडी कधी सापडत नसे.

२००४ मध्ये जीमेलने १ गिगाबाइट जागा दिली. २००६ पासून गूगल डॉक्समुळे फाइल पाठवण्याचीही गरज उरली नाही. लेखिका पुण्यात, मुद्रितशोधक इथे, पान एकच. लोक याला मोठा बदल म्हणतात. मला युनिकोड मोठा वाटतो. चिवड्याची लिंक पाठवली तरी चिवडाच पोचला असता.

जुन्या अंकांची एक सीडी माझ्याकडे आहे. तीत एका आजोबांच्या आठवणी आहेत, गावातल्या लग्नापासून इथल्या पहिल्या बर्फापर्यंत. आजोबा आता नाहीत आणि छापील अंकाची एकच प्रत उरली आहे. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला, पण जुने फॉन्ट पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवत आणि युनिकोड नंतर, त्यामुळे बऱ्याच वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. म्हणून दर रविवारी आजोबांची इथे जन्मलेली नात छापील प्रत मोठ्याने वाचते आणि मी पडद्यावर दुरुस्त करतो. ती सावकाश वाचते, पण तिची नजर पक्की आहे. लग्नातल्या ‘आचाऱ्यांना’ बिदागी दिली असे आजोबांनी लिहिले होते. कन्व्हर्टरने ती ‘आचार्यांना’ देऊन टाकली होती. चूक मला दिसली नाही. तिनेच पकडली, आणि आचारी म्हणजे कोण ते विचारले.

अजून अकरा पाने आहेत.