मिठागराला छप्पर कुठे असते?

दिवाळीच्या चिवड्यात मीठ बेताचे पडले की सुगरणीचे कौतुक होते. मीठ काढणाऱ्याची आठवण त्या वेळी कोणाला होत नाही. होण्याचे कारणही नाही म्हणा! पण आमच्या जित्याच्या माणसाला ती टाळता येत नाही. पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटे सोडून जिते, हमरापूर, पेण अशी जाते. या पेण तालुक्याची पश्चिम बाजू खाडीची, खारेपाटाची. इकडच्या आगरी समाजाचे नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडले, असे सांगतात.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, वकिली माझा प्रांत नव्हे. तरी मिठागराचा एक खटला मला कादंबरीहून रंजक वाटला. वाद एवढाच की, मिठागर हा कारखाना आहे काय?

खटला आमच्या तालुक्यातला नव्हे, मुंबईतल्या वडाळ्याचा. 1930 साली सत्याग्रही ज्या वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेले, तोच हा भाग. तेथल्या सुमारे अडीचशे एकरांच्या एका मिठागराच्या चालकावर सरकारने फिर्याद केली, की 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे परवाना न घेता तुम्ही कारखाना चालवता. हायकोर्टाने दोषी ठरवल्यावर चालक सुप्रीम कोर्टात गेले. ‘आर्देशीर भिवंडीवाला विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने तो निवाडा 1961 च्या खंडात छापलेला आहे.

चालकाची बाजू ऐकताना क्षणभर पटते. कारखाना म्हटला की इमारत हवी. कायदा भिंतींना चुना लावायला सांगतो, हवा-उजेडाची सोय करायला सांगतो. मिठागराला भिंत कुठली आणि छप्पर कुठले? मजुरांच्या तात्पुरत्या खोपटांना कोणी कारखाना म्हणत नाही. शिवाय मीठ करतो कोण? पाणी समुद्राचे, आटवणारा सूर्य. त्यात माणसाने काय केले?

ज्याने आगर पाहिले आहे तो येथे हसेल. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत दाट करायचे, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, मीठ धरले की लाकडी फळीने ओढायचे आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावर रास घालायची. सूर्य यातली एकही टोपली उचलीत नाही. सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटले. समुद्राच्या पाण्याचे मीठ केवळ निसर्गाने होत नाही, निसर्गाच्या मदतीने माणसाच्या श्रमाने होते. आणि कायद्यातल्या ‘जागा’ या शब्दात उघडी जमीनही येते. म्हणून मिठागर हा कारखानाच.

यातून आगरकऱ्याला मिळाले काय? पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, कामाच्या तासांना मर्यादा, अपघाताची दखल यांवर हक्क आला. पगारी रजेची गोष्ट मात्र अवघड राहिली. जुन्या कायद्यात त्या रजेसाठी वर्षात 240 दिवस भरावे लागत, आणि पावसाळा काढून टाकला तर आगरात एवढे दिवस भरतात कसे?

त्याच सुमारास ‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला निकालात निघाला. तेथे बिडीचा कारखाना होता, छप्परही होते. भांडण ‘कामगार’ या शब्दावर. बिडी वळणारा आपल्या मर्जीने येतो-जातो, बिड्यांच्या हिशेबाने पैसे घेतो, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असे बहुमत पडले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत वेगळे होते. मला तेच पटते. पुढे 1966 साली बिडीकामगारांसाठी निराळा कायदा करावा लागला.

माथाडींचे तर मालकावरूनच अडले होते. हमालाचा मालक सकाळी एक, दुपारी दुसरा. रजा मागायची कोणाकडे? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती हमालापर्यंत पोचवायची, अशी ही युक्ती. पण हाही कायदा अनुसूचीत नोंदलेल्या धंद्यांपुरताच. यादीत आपला धंदा आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

आता आमच्या जित्याकडे या. येथे आणि हमरापुरात गणपतीचे कारखाने आहेत. लोक त्यांना कारखानेच म्हणतात. कायदा म्हणेल काय? मूळ 1948 च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेत 10 कामगार, विजेशिवाय 20 असले की कारखाना होई. संसदेने 2020 साली केलेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली संहिता हे आकडे 20 आणि 40 करते. म्हणजे काँप्रेसरवर रंग मारणारी, पंधरा माणसांची कार्यशाळा मूळ व्याख्येने कारखाना ठरती. आता ठरत नाही. दहा माणसांवर ती ‘आस्थापना’ ठरते, आणि कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे लागते. रजेची अटही 180 दिवसांवर आली आहे. घरच्या घरी साचे भरणारे कुटुंब मात्र या मोजणीच्या बाहेरच राहते.

मोजणीत एक मेख आहे. कारखाना ठरवताना वर्षाची सरासरी काढीत नाहीत. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशीही तेवढे हात कामाला असले तरी पुरते. तपासायला येणाऱ्याने फाल्गुनात येऊन तीन माणसे मोजून जाऊ नये. गणेशचतुर्थीच्या आधी, श्रावणात यावे. तेव्हा रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, कोणी घासकाम करीत असतो, कोणी डोळ्यांची आखणी, आणि प्लॅस्टरच्या धुळीने सगळ्यांच्याच भुवया पांढऱ्या झालेल्या असतात.