द्वारा दुकानदार, मु. पो. कासा

परवा माळ्यावरची अडगळ काढताना जुना पेंटियम सापडला. झाकण उघडलं तर आत मोडेम आणि शेजारी नेटवर्क कार्ड! आणि का कोण जाणे, एकदम कासा आठवलं.

डहाणू तालुक्यातलं हे बाजाराचं गाव, भोवताली विखुरलेले पाडे. लहानपणी पाड्यावरच्या काहीजणांची पत्रं 'द्वारा अमुक दुकान, मु. पो. कासा' अशा पत्त्यावर यायची. दुकानदार ती जपून ठेवायचा आणि माणूस बाजाराला आला की हातात द्यायचा. बाहेरच्या जगाला पाडा ठाऊक नसे, फक्त दुकान ठाऊक असे.

या पेंटियमनं आमच्या घरी हेच काम केलं.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. पण घरात फोन एकच, त्यामुळे एका वेळी एकच संगणक जोडता येई. दुसरा संगणक आला की भांडणं ठरलेली! लिनक्सवाल्यांकडे यावर आधीपासून उपाय होता. १९९९च्या 'विंडोज ९८ सेकंड एडिशन'मध्ये तो आम्हा सामान्यांच्याही हाती आला. फोन लावणारा संगणक स्वतः १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यायचा. बाकीच्यांची मागणी तो स्वतःच्या नावानं बाहेर धाडायचा, कुणाची कुठली याची नोंद ठेवायचा आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवायचा. दुकानदारच की हा!

ही युक्ती निघाली टंचाईतून. तेव्हाच्या इंटरनेटवर पत्ते होते जेमतेम ४२९ कोटी. ते संपणार हे दिसू लागलं तेव्हा, मे १९९४मध्ये, एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी ही तात्पुरती सोय सुचवली. 'तात्पुरती' सोय आज तीस वर्षांनंतरही चालूच आहे...

गंमत म्हणजे राउटर मुळात संगणकच होता. १९६९मध्ये अमेरिकेतल्या अर्पानेटवर हे काम हनीवेलचं फ्रीजएवढं धूड करत होतं. २००२ साली आलेल्या लिंक्सिसच्या निळ्या डबीतही लिनक्सच निघालं. त्याचा सोर्स खुला झाला आणि २००४मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' सुरू झालं. डबी पुन्हा आपल्या मनासारखी वळवता येऊ लागली.

मग ही दुकानदारी पाड्यांपर्यंत का पोचू नये? कासाच्या दक्षिणेला, पालघर तालुक्यातल्या खामलोलीत आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटानं नेमकं हेच करून पाहिलं. टीव्हीसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरी त्यांनी वापरल्या. वायफायपेक्षा या लहरी लांब जातात, झाडाझुडपांना कमी अडतात. २०१७मध्ये 'ग्राममार्ग' या त्यांच्या प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

माळ्यावरचा पेंटियम काय, रिकाम्या लहरी काय, पडून असलेल्या वस्तूचाच पूल झाला. पण पुलाला राखणदार लागतो. आमच्याकडे वीज गेली की पेंटियम बंद आणि सगळं घर मुकं. दुकान बंद असलं की पाड्याची पत्रंही तशीच पडून राहत.

'द्वारा'वर जगणाऱ्याला तार मिळाली एवढ्यानं भागत नाही. दुकान रोज कुणीतरी उघडावं लागतं. आणि कधीतरी पाड्याला स्वतःचा पत्ताही मिळायला हवा, नाही का?