दहा गुंठ्यांचा बंगला आणि आपलं गाव

परवा कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. पाय आपोआप भांडारकर रस्त्याकडं वळले. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना तिथल्या एका गल्लीत, बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये मी वर्षभर राहिलो होतो. बंगला आता नाही. पत्रे ठोकलेत, आत खोल खड्डा.

दहा गुंठे जागा होती. म्हणजे दहा हजार आठशे नव्वद स्क्वेअर फूट. घर मधोमध, बैठं, मंगलोरी कौलांचं. भोवती आंबा, फणस, विहीर. मालकीणबाईंना आम्ही आजीच म्हणायचो. त्या सांगायच्या, सासरे सदाशिव पेठेतला वाडा सोडून इथं आले, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "नदीपलीकडं कोल्हे ओरडतात, तिथं कशाला मरायला जाताय?"

पण पुणेकर नदी ओलांडायला लागले ते मरण टाळायलाच. १८९७ च्या प्लेगात पेठांमधली दाटी जिवावर बेतली. लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहिले. उजेड, वारा, मोकळी जागा हे चोचले नाहीत, जगायची गरज आहे, हे तेव्हा कळलं. फर्ग्युसन कॉलेज १८९५ मध्येच इकडं आलं होतं. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला, १९१७ मध्ये भांडारकर संस्था. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. भांबुर्डा आणि एरंडवण्याच्या शेतांवर हळूहळू वसाहती उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये कोल्हापूरची प्रभात कंपनी आली, रस्त्याला तिचं नाव पडलं.

मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर वसलं. शहर पसरत गेलं, जमिनीचे भाव चढले. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यानं एका प्लॉटवर अनेक मालक होऊ शकले. घरात वारस चार, बंगला एक. वाटणी करायची तर पाडण्याशिवाय मार्ग काय? आजींच्या मुलांना मी दोष देणार नाही. आपणही तेच केलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. त्या बंगल्याचं मोठेपण पैशात नव्हतं. रस्ता, गटार आधी आखलं आणि घरं नंतर आली, हे खरं मोठेपण. म्हणून आज तिथं इमारती झाल्या तरी रस्त्यावर झाडं उभी आहेत.

आपल्याकडं उलटं चाललंय. बायपासच्या अलीकडं-पलीकडं शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली जाताहेत. आधी घर, मग रस्त्यासाठी मोर्चा, मग गटारासाठी उपोषण. सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, २०२१ मध्ये मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घर कायदेशीर होईल हो, पण दहा फुटी बोळात अग्निशमनाची गाडी कशी शिरणार?

०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते, असा नियम आहे. प्लॉट घेताना भाव विचारतो तसा मंजूर नकाशाही मागा. त्यात खुली जागा कुठं दाखवलीय ते बघा, आणि रविवारी जाऊन ती खरंच तिथं आहे का, तेही बघून या.

दहा गुंठे आपल्याला कुणालाच परवडणार नाहीत. पण सगळ्यांचं मिळून एखादं मैदान आणि आंब्याची चार झाडं तरी परवडायला हरकत नाही.