जवसाचे तेल आणि बंदुकीचा दस्ता

वऱ्हाडाचा इतिहास शिकवताना १८५३ चा करार येतोच. कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाडा भागात होती. तेव्हा बंदूक आणि वऱ्हाड यांचा संबंध जुनाच आहे. आम्हाला इथे सांगायचा आहे तो मात्र दुसरा, शेतातून जाणारा संबंध.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरपर्यंत पोचली. तिने कापूस नेला हे सर्वांना ठाऊक आहे. पण याच मार्गाने जवसही मुंबईच्या बंदरात जाई. निळ्या फुलांचे हे रब्बीचे पीक आपल्याकडे चटणीपुरते आठवते. एकोणिसाव्या शतकात मात्र इंग्लंडला जवस पुरवणाऱ्या देशांत हिंदुस्थान आघाडीवर होता. पुढे अर्जेंटिनाने ती जागा घेतली. जात असे ते बहुतेक बी, तेल नव्हे. गाळण्याचे काम हल शहरातल्या गिरण्यांत होई, आणि पेंड व तेल या दोन्हींचा नफा तिकडेच राही. बियात सुमारे ४० टक्के तेल असते, हे लक्षात घेतले की हा व्यवहार किती मोठा होता ते कळते.

तेल लागे ते रंगांना, लिनोलियमला आणि फौजेच्या रायफलींना. १८९५ पासून प्रचारात आलेल्या ली-एनफिल्डचा, म्हणजे आपल्या परिचित ‘थ्री-नॉट-थ्री’चा दस्ता बहुधा अक्रोडाचा असे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ही रायफल बनत असे. लाकडी भाग जवसाच्या तेलात मुरवीत आणि पुढे शिपाई हातानेच तेल चोळीत. वऱ्हाडातला दाणा नेमका कोणत्या दस्त्यात मुरला हे विचारण्यात अर्थ नाही. तेल एकत्र झाले की गाव उरत नाही.

पण जवसच का? अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्यामुळे मल्लखांब इथल्या मुलांना नवा नाही. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. ते महिनोन्‌महिने ओशट राहते, आणि तिथे तेच हवे असते. जवसाचे तेल मात्र सुकते. सुकते म्हणजे उडून जात नाही. त्याच्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते व त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो, रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा बनतो. म्हणून सुकताना या तेलाचे वजन आधी वाढते! काचेच्या दोन पट्ट्यांवर ही दोन तेले पातळ लावून आठवडाभर ठेवा, रोज बोट लावून पहा; वर्गात याहून स्वस्त प्रयोग सापडणार नाही.

जुना दस्ता दुरुस्त करणारा जाणता कारागीर याच गुणावर विसंबतो. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ काढायचा. पोचा आला असेल तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवायची: दबलेले तंतू वाफ पिऊन फुगतात आणि खड्डा वर येतो. पॉलिशपेपरने घासणे सोपे, पण ते आम्हाला मान्य नाही. लाकूड झिजले की लोखंडाशी असलेली त्याची घट्ट बसण सैल होते. शिवाय कारखान्याचे, तपासनिसाचे, पलटणीचे ठसे त्या वरच्या थरातच असतात. ते पुसले की इतिहासाच्या दृष्टीने उरते एक नुसती फळी. यानंतर तेलाचे अगदी पातळ हात द्यायचे, जादा तेल पुसायचे आणि थांबायचे. कच्चे तेल फार दिवस घेते. रंगारी वापरतात ते बेलतेल लवकर सुकते, कारण त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ऑक्सिजन जोडला जाताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.