ध्रुवाचे तप : प्रलोभन व भय

विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात ध्रुवाच्या तपाचे जे वर्णन येते, त्यात यमुनातीरावरील मधुवनात विष्णुध्यानात बसलेल्या या बालकाची समाधी मोडण्यासाठी भयभीत देव दोन उपाय योजतात. प्रथम मायेने निर्मिलेली त्याची माता सुनीती समोर येऊन, एकुलत्या मुलाने हे दारुण तप सोडावे, अन्यथा आपण प्राणत्याग करू, असा विलाप करते. नंतर सिंह, उंट व मगर यांची मुखे असलेले राक्षस शस्त्रे परजीत त्याला वेढतात. यांपैकी पहिले विघ्न अधिक कठीण मानावे लागते, कारण ते वासनेला नव्हे, तर मातृप्रेमाला हाक घालते. ध्रुव दोहोंशी झुंजत नाही. चित्त विष्णूत एकाग्र असल्याने ती दृश्ये त्याला दिसतच नाहीत. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादही अशाच प्रसंगी, म्हणजे देवतांनी आमंत्रण दिले असता, संग (आसक्ती) व स्मय (गर्व) दोन्ही टाळण्यास सांगतो. भागवतपुराणातील चौथ्या स्कंधाच्या कथेत मात्र मायावी मातेचा प्रसंग नाही; तेथे ध्रुवाला परावृत्त करून पाहणारे नारदच त्याला पुढे मंत्र देतात.