चेन्नईच्या वाळूवरील रात्रपाळी

जानेवारी 2025 मध्ये चेन्नई व आसपासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या शेकडो कासवांची कलेवरे वाहून आली. हा आकडा असाधारण आहे, असे म्हणण्यासाठी एरवीच्या वर्षी तेथे किती कासवे मृत सापडतात, हे ठाऊक असावे लागते. ही ‘एरवी’ची माहिती मुख्यतः पायी चालून जमली आहे आणि चालणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा वाटा फार मोठा आहे.

या परंपरेचा उगम सत्तरच्या दशकाच्या आरंभी सापडतो. आजच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानालगत रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रास सर्पोद्यान उभारले होते. तेथील तरुण मंडळी रात्री किनाऱ्यावर गस्त घालू लागली, कारण कासवांची अंडी सर्रास खणून नेली जात. त्यांच्यातील सतीश भास्कर हे मद्रासच्या आयआयटीत अभियांत्रिकी शिकत होते. पुढे त्यांनी देशाचा किनारा व बेटे कासवांच्या शोधात पालथी घातली. 1982 चा पावसाळा तर त्यांनी लक्षद्वीपच्या निर्मनुष्य सुहेली बेटावर एकट्याने काढला. दरम्यान 1977 मध्ये ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले.

मद्रासच्या किनाऱ्यावरील काम नंतर काही वर्षे शासकीय यंत्रणांनी चालवले. ते थांबले, तेव्हा 1988 मध्ये विद्यार्थ्यांनीच ‘स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क’ स्थापन केले. जानेवारी ते एप्रिल या काळात नीलांकराई ते बेसंट नगर हा सुमारे 7 किलोमीटरचा किनारा रात्री चालायचा, घरटे शोधायचे, अंडी काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात पुरायची आणि 45 ते 60 दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रात सोडायची, असा हा क्रम. परीक्षांचे दिवसही नेमके तेच.

हे काम दिवसा का करता येत नाही, याचे उत्तर अंड्यात आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच वाढता गर्भ आतील आवरणाला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले, तर गर्भ दगावण्याचा धोका असतो. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. उशिरा पोहोचलेला स्वयंसेवक त्या सर्वांचे नुकसान करू शकतो.

सद्भावनेला ज्ञानाची जोड नसली तर काय होते, हेही याच इतिहासात दिसते. 1980 मध्ये निकोलस म्रोसोव्हस्की व चेस्टर यन्टेमा यांनी दाखवून दिले, की समुद्री कासवांचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. सुमारे 29 ते 30 अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. म्हणजे जगभर प्रेमाने अंडी उबवणारे लोक नकळत एकाच लिंगाची पिल्ले निपजवत असण्याची शक्यता होती. तेव्हापासून खड्ड्याची खोली, वाळूचा ओलावा आणि वरची सावली हे उबवणी केंद्रांतील कळीचे प्रश्न ठरले. तापणाऱ्या हवामानात त्यांचे महत्त्व वाढतच जाणार आहे.

शहरानेही नवे संकट उभे केले. पिल्ले उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. दिव्यांनी झगमगणाऱ्या किनाऱ्यावर ते रस्त्याचे ठरते. त्यामुळे विद्यार्थ्यांची मोहीम वाळूपुरती न राहता दिवे मालवण्याच्या मागणीपर्यंत पोहोचली.

तरीही उबवणी केंद्राची मर्यादा उघड आहे. हजारो पिल्लांतून मोजकीच प्रौढ होतात आणि त्यासही दशकाहून अधिक काळ लागतो. फुप्फुसांनी श्वास घेणारी अशी मादी ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून बुडाली, तर किनाऱ्यावरील कित्येक रात्रींचे श्रम तिच्यासोबत बुडतात.

संस्थापक विद्यार्थ्यांपैकी कार्तिक शंकर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसंस्थाशास्त्राचे अध्यापक झाले. बहुतेक जण अर्थातच अन्य क्षेत्रांत गेले. मागे राहिल्या त्या तारीखवार नोंदी: घरटी किती, अंडी किती, मृत कासवे किती. 2025 सारख्या वर्षी समुद्रात काय बिघडले, हा प्रश्न पुराव्यानिशी विचारता येतो, तो अशा नोंदींच्या बळावर.