कॉलेजच्या दारातला अर्ज



बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या घरांत एकच धांदल उडते. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फोटो अशी जमवाजमव सुरू होते. मुलगी तालुक्याच्या गावी जाऊन संगणकावर अर्ज भरून येते आणि मग घरातले सगळे यादीची वाट पाहत बसतात. हा अर्ज आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यालाही काही इतिहास असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. पण तो आहे. कॉलेजच्या दारात अर्ज घेऊन कोणी उभे राहावे, हे ठरायला आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आज त्याचीच हकिगत सांगायची आहे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. विद्यापीठात शिरायचे तर एक प्रवेश-परीक्षा द्यावी लागे. तिचे नाव मॅट्रिक्युलेशन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नावांची यादी, आपल्या शाळेच्या भाषेत बोलायचे तर पट. मॅट्रिक होणे म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. शंभरावर विद्यार्थी बसले आणि जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. त्यांत निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते आणि मालवणला जन्मून रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत हे दोघेही होते.

पण पाहा, पुढे या परीक्षेचे काय झाले! ती होती कॉलेजात जाण्याची पायरी, आणि लोकांनी तिलाच माडी मानले. मॅट्रिक झाला की कचेरीत चिकटावे, हा रिवाज पडला. ‘मॅट्रिक पास’ आणि ‘मॅट्रिक नापास’ अशा माणसांच्या दोन जाती झाल्या. पायरी चढून आत जाणारे थोडेच राहिले, कारण आत जायला नुसते गुण पुरत नव्हते. राहायला जागा, जेवायला दोन घास आणि फीचे पैसे लागत.

गोपाळ गणेश आगरकरांचेच उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा हा मुलगा. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, पण तिथे जम बसेना. कधी कचेरीत कारकुनी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी अकोल्याला जाऊन मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तिथे अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा. असा विद्यार्थी पुढे एम. ए. झाला, ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण टेंभूसारख्या किती गावांतून किती मुले अर्ध्या वाटेवरूनच परत फिरली असतील, याची नोंद कुठेच नाही.

दुसरी गोष्ट महर्षी कर्व्यांची. ही परीक्षा विद्यापीठाची नव्हती, सरकारी नोकरीसाठी लागणारी सहावीची होती. पण अर्जदाराची दशा काय असते ते तिच्यात चांगले दिसते. कोकणातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे आणि त्यांचे सोबती भर पावसाळ्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे परीक्षकांनी मुलाकडे पाहिले आणि ‘हा वयाने लहान दिसतो’ म्हणून बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता, तरी उपयोग झाला नाही. मुलगा आल्या वाटेने परत गेला. याच माणसाने पुढे १८८४ साली बी. ए. ची पदवी घेतली आणि १९१६ साली स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ काढले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा त्या विद्यापीठाचा पायाच होता.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून सांगतो. विद्यापीठाच्या पहिल्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख सगळीकडे पुल्लिंगी होता. मुलगी अर्ज करील अशी कल्पनाच कुणी केली नव्हती. १८८३ साली मुंबई विद्यापीठाने ठरवले, की नियमांतले हे पुल्लिंगी शब्द स्त्रियांनाही लागू समजावेत. एवढीशी दुरुस्ती, पण तिने दार उघडले. त्या दारातून कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून पदवीधर झाल्या आणि १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या.

आता तिसरे दार, सगळ्यांत जड. १९०७ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पण केळुसकर गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे कॉलेजात इंटरपर्यंत पोचल्यावर वडिलांचे हात टेकले, तेव्हा गुरुजींनी सयाजीराव महाराज गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या पंचवीस रुपयांवर भीमराव बी. ए. झाले. मग १९१३ साली बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचे तुम्हांला ठाऊक आहेच.

आणखी एक अडचण होती, ती अंतराची. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. विदर्भाला नागपूरचे विद्यापीठ १९२३ साली मिळाले. पुण्याचे विद्यापीठ १९४९ सालचे, मराठवाड्याचे १९५८ सालचे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने शेतकऱ्याच्या पोराला वर्गात बसवले. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केले. पूर्वी मुलगा कॉलेजकडे चालत जाई. आता कॉलेज त्याच्याकडे चालत आले.

परीक्षेचे रूपही बदलले. १९४८ च्या कायद्याने मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली आणि ती मंडळाकडे गेली. १९७५ पासून दहावी आणि मग बारावी ही पद्धत आली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. कित्येक घरांतला पहिला पदवीधर या सवलतीमुळेच झाला.

मग आता दारे सताड उघडली का? नियमाने पाहिले तर बरीच उघडली. पण एखाद्या वाडीतल्या मुलाचे काम अजूनही भलत्याच ठिकाणी अडते. दाखला वेळेवर निघत नाही. अर्जाची मुदत टळून जाते. शिष्यवृत्ती आहे हेच घरी ठाऊक नसते. संगणकावर एक रकाना चुकतो आणि नाव यादीतून खाली जाते. गुण असूनही वर्ष जाते, आणि एकदा वर्ष गेले की मुलगी पुन्हा कॉलेजकडे फिरकेलच याची शाश्वती नसते. तिचे लग्न ठरते, मुलगा कामाला लागतो. परीक्षकांनी साताऱ्यातून परत पाठवलेला मुलगा पुन्हा उभा राहिला, पण सगळ्यांच्याच अंगी तेवढी चिकाटी कुठून येणार?

म्हणून हा सारा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला, की मला एकच गोष्ट ठळक दिसते. अर्जावर सही विद्यार्थ्याची असते. पण त्या अर्जाच्या मागे बहुतेक वेळा दुसरे कुणीतरी उभे असते. कुणी नियमातला शब्द बदलला, कुणी वसतिगृह काढले, कुणी महाराजांकडे शब्द टाकला. केळुसकर गुरुजींजवळ सत्ता नव्हती की संपत्ती नव्हती. एका मुलाचे शिक्षण मध्येच तुटता कामा नये, एवढे मात्र त्यांनी मनावर घेतले.

खेड्यापाड्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींनो, निकालानंतरचे पंधरा दिवस शाळेच्या वेळापत्रकात नसतात. पण त्याच दिवसांत आपल्या वर्गातली कोण मुले अर्ज न भरताच राहिली, याची एकदा घरोघर जाऊन चौकशी करा. एखादा दाखला, एखादी तारीख, एखाद्या बापाची समजूत, एवढ्यावरच काम अडलेले असते. ते सोडवायला तुमच्याइतके जवळचे माणूस त्या मुलाला दुसरे नाही.